हिरवा ढेकूण: नाव देताना आणि नकाशावर ठिपका टाकताना या चुका टाळा

ढालीसारखा आकार, पाठ हिरवीगार, हात लावला की घाण वास. एवढं जुळलं की बहुतेक जण ‘नेझारा व्हिरिडुला’ लिहून मोकळे होतात. पुष्कळदा ते बरोबरही निघतं, कारण झाडांचा रस शोषणाऱ्या ढेकणांमधली ही जात उष्ण आणि उबदार प्रदेशांत जवळपास सगळ्या खंडांवर पोचली आहे. अडचण नेमकी इथेच आहे. जी जात कुठेही सापडू शकते तिच्या नावावर काहीही खपून जातं. चुकीची नोंद डोळ्यांत खुपत नाही.

मी बरीच वर्षं अशा नोंदी तपासत आलो आहे: फोटो, टाचणीवरचे नमुने, जुन्या लेबलांवरून उतरवलेल्या याद्या. चुकांचे प्रकार फार नाहीत, त्याच त्या पुन्हा भेटतात. बहुतेकींच्या मुळाशी एक गोल फिरणारा तर्क असतो. ‘या भागात हीच जात असते, म्हणजे हा किडा तोच.’ मग उलट बाजूने, ‘हा किडा तोच, म्हणजे ही जात या भागात असतेच.’ दोन्ही विधानं एकमेकांच्या खांद्यावर उभी, जमिनीला पाय कुणाचाच नाही. किड्याचं नाव त्याच्या अंगावरच्या खुणांवरून ठरायला हवं आणि त्याचं तिथलं राहणं तिथल्या पुराव्यावरून. खाली हीच सरमिसळ वेगवेगळ्या रूपांत दिसेल.

आधी ढेकूण कोण ते ठरवा

‘ढेकूण’ म्हटलं की अंथरुणातला ढेकूण आठवतो, म्हणून झाडावरच्या किड्याला ढेकूण म्हणायला काहींना संकोच वाटतो. वाटून घेऊ नका. सजीवांना दोन शब्दी नावं देण्याची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसनेही १७५८ साली हेच केलं होतं. ‘सिस्टेमा नॅच्युरे’ या आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत त्याने या हिरव्या किड्याला ‘सायमेक्स व्हिरिडुलस’ असं नाव दिलं, आणि अंथरुणातला ढेकूणही त्याच सायमेक्समध्ये बसवला. मराठी बोलणाऱ्यांना आणि लिनियसला एकच साम्य दिसलं होतं. पुढे १८४३ मध्ये आम्यो आणि सेर्व्हिल या फ्रेंच अभ्यासकांनी ‘नेझारा’ हा वेगळा गट उभा केला.

खरा घोळ पिठ्या ढेकणाशी होतो. नावात ढेकूण असला तरी तो मावा आणि पांढरी माशी यांच्या बाजूचा. हे सगळे हेमिप्टेरा गणातलेच, पण हिरवा ढेकूण त्यातल्या हेटेरोप्टेरा या उपगणातला आहे. त्याचा पुढचा पंख बुडाशी चामड्यासारखा जाड आणि टोकाला पातळ पापुद्र्यासारखा असतो. मिटल्यावर दोन्ही पापुद्रे एकमेकांवर चढतात. भुंग्याचे पंख पाठीवर मधोमध सरळ रेषेत भेटतात, त्यामुळे वरून एक नजर टाकली तरी भुंगा आणि ढेकूण वेगळे करता येतात. तोंडाचंही तसंच. भुंग्याला चावणारे जबडे, ढेकणाला पोटाखाली दुमडून ठेवलेली सोंड.

कुल पेंटॅटोमिडी. ग्रीकमधून आलेल्या या नावाचा अर्थ ‘पाच तुकड्यांचा’, आणि तो मिशांबद्दल आहे: प्रौढाच्या मिशीला पाच खंड असतात. मोजायची सवय लावा, फार उपयोगी पडते. मात्र पिल्लाच्या मिशीला चारच खंड असतात. ‘चार खंड, म्हणजे हे कुल नाही’ असं म्हणत पिल्लं दुसऱ्या कुलात ढकललेली मी पाहिली आहेत.

पिल्लांना ‘अळी’ लिहिणं हीसुद्धा नेहमीची चूक. ढेकणाला अळी नसते, कोषही नसतो. अंड्यातून निघतं ते पिल्लू. ते पाच अवस्थांतून जातं, दरवेळी कात टाकतं आणि शेवटच्या कातीनंतर पंख येतात. नोंदीत ‘अळी’ दिसलं की तपासणारा थबकतो: लिहिणाऱ्याने ढेकणाचं पिल्लू पाहिलं, की त्याच पानावरची एखाद्या पतंगाची अळी?

आणि एक खास आपल्या भाषेतला गोंधळ. विश्वकोशाच्या परिभाषेत ‘प्रजाती’ म्हणजे नेझारा ही वरची पायरी, आणि ‘जाती’ म्हणजे नेझारा व्हिरिडुला ही खालची. वर्तमानपत्रांत मात्र खालच्या पायरीलाच सर्रास ‘प्रजाती’ म्हणतात. ‘नेझाराच्या दोन प्रजाती आढळल्या’ हे वाक्य त्यामुळे वाचणाऱ्यागणिक बदलतं. कोणता शब्द बरोबर यावर वाद घालण्यात मला रस नाही. मी इथे विश्वकोशाची पद्धत पाळतो. तुम्ही कोणतीही पाळा, पण एका लेखात एकच.

रंगावर भिस्त ठेवू नका

या जातीच्या बाबतीत सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, म्हणून इथे थोडा वेळ थांबू.

पहिली गोष्ट, ही जात एकाच रंगात येत नाही. पूर्ण हिरवं रूप सर्वांत जास्त दिसतं, त्याला स्मॅराग्डुला म्हणतात. दुसऱ्या रूपात डोक्याचा पुढचा भाग आणि त्यामागची छातीची कड फिकट पिवळी असते, जणू गळ्यात पट्टा घातलाय. हे टॉर्क्वाटा. सोनेरी-नारिंगी रूपही आहे, औरँटियाका. ही सगळी एकाच जातीची रूपं असून ती आपसांत प्रजनन करतात. हे कळण्याआधी फाब्रिसियस या कीटक-अभ्यासकाने १७७५ साली हिरव्या आणि पट्टेवाल्या रूपांना वेगवेगळ्या जाती म्हणून नावं दिली होती. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याच्यापुढे मेलेले नमुनेच होते. आज मात्र पट्टेवाला ढेकूण पाहून ‘नवी जात’ म्हणून उडी मारायचं कारण उरलेलं नाही.

दुसरी गोष्ट ऋतूची. दिवस लहान होऊ लागले की प्रौढ ढेकूण सुप्तावस्थेत जातात, आणि थंड हिवाळा असलेल्या प्रदेशांत त्यांचा हिरवा रंग हळूहळू तांबूस-तपकिरी होतो. वसंतात तोच किडा पुन्हा हिरवा होतो. म्हणजे नोव्हेंबरमधला तपकिरी आणि एप्रिलमधला हिरवा ढेकूण एकच असू शकतो, एक जात या अर्थाने नव्हे, तोच एक जीव. हिवाळ्यातले असे फोटो ‘तपकिरी ढेकूण’ म्हणून भलत्याच प्रजातीखाली जातात. युरोपात यात आणखी एक गाठ आहे: तिथला मूळचा हिरवा ढेकूण, पालोमेना प्रासिना, हाही थंडीत तपकिरी होतो. म्हणजे रंग बदलणं ही ओळखीची खूणही नाही.

तिसरी गोष्ट माझ्या अंगावर शेकलेली. सुरुवातीच्या काळात जुन्या नमुन्यांची एक पेटी माझ्याकडे आली. त्यात रांगेने पिवळट ढेकूण. मी हौसेने सगळ्यांना औरँटियाका ठरवलं आणि ‘या भागात सोनेरी रूपाचं प्रमाण विलक्षण जास्त’ असा एक परिच्छेदही लिहून ठेवला. तो कुठे छापला नाही हे नशीब. मेलेला हिरवा ढेकूण वाळताना आणि वर्षानुवर्षं पडून राहताना गवताच्या काडीसारखा पिवळा पडतो. नंतर भिंगाखाली पाहिलं तर पायांच्या सांध्यांत आणि पंखांखाली झाकल्या गेलेल्या भागात हिरवा रंग अजून टिकून होता. जिवंतपणीचा रंग लिहिलेला नसेल तर जुन्या नमुन्यावरून रूप ठरवू नका.

पिल्लं तर पार वेगळी दिसतात. अंडी पानाच्या खालच्या बाजूला, पिंपासारख्या आकाराची, एकमेकांना चिकटून षटकोनी जुळणीत घातलेली. एका पुंजक्यात साधारण ३० ते १३० अंडी असतात. निघालेली पिल्लं पहिली कात टाकेपर्यंत त्या पुंजक्याला बिलगून बसतात आणि झाडावर तोंड टाकत नाहीत. पुढच्या अवस्थांत ती काळी, पाठीवर पांढरे ठिपके. नंतर त्यात हिरवा, लाल, पिवळा मिसळत जातो. पाहणाऱ्याला ते लेडीबर्ड भुंगे वाटतात. भुंगा वाटणारा किडा घोळक्याने दिसला तर एकाला काडीने उलटा करा आणि सोंड आहे का पाहा. प्रश्न तिथल्या तिथे मिटतो.

फक्त पाठीचा फोटो

माझ्याकडे येणाऱ्या फोटोंपैकी बहुतेक वरून काढलेले असतात. देखणे, स्पष्ट, आणि निम्म्या वेळा निरुपयोगी. हिरव्या ढेकणांना वेगळं करणाऱ्या खुणा पोटाकडे, पंखाच्या टोकाला आणि मिशांवर असतात.

पाठीवरून निदान एक गोष्ट पाहता येते. स्क्युटेलम म्हणतात तो पाठीवरचा मोठा त्रिकोण बघा. त्याच्या पुढच्या कडेला ओळीत बारीक पांढरे ठिपके, बहुधा तीन, आणि दोन्ही कोपऱ्यांत एकेक इवलासा काळा ठिपका असेल तर नेझारा व्हिरिडुलाकडे कल जातो. कल, एवढंच. पंखाच्या टोकाचा पापुद्रा फिकट-पारदर्शक असेल तर पालोमेना प्रासिना वगळता येतो, कारण त्याचा पापुद्रा गडद तपकिरी असतो.

उत्तर अमेरिकेत नेझारा व्हिरिडुलासारखाच दिसणारा ढेकूण म्हणजे चिनाव्हिया हिलॅरिस. पाठीकडून दोघे भाऊ वाटतात. उलटा केला की फरक उघड होतो: चिनाव्हियाच्या मागच्या पायांच्या मधून एक लांब, टोकदार काटा पुढे आलेला असतो, नेझारात त्या जागी फक्त आखूड, बोथट उंचवटा. वास सोडणाऱ्या ग्रंथीचं छिद्र छातीच्या बाजूला असतं, तिथून निघणारी पन्हळही नेझारात आखूड आणि चिनाव्हियात लांब. एकदा दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की पुन्हा चूक होत नाही.

पूर्व आशियात मामला अधिक नाजूक आहे, कारण तिथे नेझारा प्रजातीतलीच दुसरी जात राहते: नेझारा अँटेनाटा, स्कॉटने १८७४ मध्ये वर्णन केलेली. पंख उचलून पोटाची वरची बाजू पाहावी लागते. व्हिरिडुलाची ती हिरवी असते, अँटेनाटाची काळपट. मिशांवरचे गडद पट्टेही व्हिरिडुलात तांबूस-तपकिरी आणि अँटेनाटात काळे. नुसत्या फोटोवरून या दोघांत निवाडा करायचा मोह होतो, तो आवरा. गंमत अशी की जपानात या दोन जातींचे किडेही कधी कधी चुकतात. परस्परांशी मीलन होतं, पण त्यातून संतती होत नाही. त्यामुळे ‘मीलन करताना दिसले, म्हणजे एकच जात’ हा पुरावा धरू नका.

जिवंत किड्याचं पोट पाहायची सोपी युक्ती: त्याला पारदर्शक झाकणाच्या पसरट डबीत ठेवा, डबी थोडा वेळ गारठ्यात ठेवा, मग खालून फोटो काढा. चार फोटो पुरतात: पाठ, पोट, मिशी जवळून, पंखाचं टोक.

पोट पाहिल्याने आणखी एक घोटाळा टळतो. पेंटॅटोमिडी कुलातले सगळेच झाडांचा रस पीत नाहीत. अ‍ॅसोपिनी हे उपकुल शिकाऱ्यांचं आहे, ते अळ्यांना सोंड खुपसून खातात. रस पिणाऱ्या ढेकणाची सोंड बारीक आणि बुडाशी डोक्याच्या खालच्या बाजूला चिकटून असते, शिकाऱ्याची जाडजूड आणि बुडापासूनच मोकळी. शिकारी ढेकणाला ‘वनस्पतिभक्षी कीड’ म्हणून लिहिलं की वर्गीकरण चुकतं आणि नको तो किडा मारलाही जातो.

नाव जुनं, यादी नवी

आता कागदावरच्या चुका. याद्या एकत्र करणारे लोक नावांतले शब्द जुळवतात, किडे नव्हे. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन लिखाणात ‘नेझारा हिलॅरिस’ असं नाव येतं. तो आजचा चिनाव्हिया हिलॅरिस. मधल्या काळात तोच ‘अ‍ॅक्रोस्टर्नम हिलारे’ होता. ‘नेझारा’ एवढंच शोधून काढलेली यादी हे जुने ठिपके गुपचूप आपल्यात ओढून घेते. उलट ‘नेझारा स्मॅराग्डुला’ नावाच्या जुन्या नोंदी खरोखर व्हिरिडुलाच्या असूनही बाहेर राहतात.

हिलारेचं हिलॅरिस का झालं, हे विचारणारे भेटतात. ती छपाईची चूक नव्हे. लॅटिनमध्ये जातीवाचक विशेषण प्रजातीच्या नावाच्या लिंगाप्रमाणे बदलतं, आपल्याकडे ‘हिरवा’, ‘हिरवी’, ‘हिरवं’ होतं तसंच. अ‍ॅक्रोस्टर्नम नपुंसकलिंगी, चिनाव्हिया स्त्रीलिंगी. सायमेक्स पुल्लिंगी होता म्हणून व्हिरिडुलस, नेझारा स्त्रीलिंगी म्हणून व्हिरिडुला. मराठी माणसाला हा नियम समजावून सांगावा लागू नये.

नुसतं ‘हिलॅरिस’ लिहून काम भागवणारेही आहेत. त्याच नावाचा दुसरा प्रसिद्ध ढेकूण आहे, बॅग्राडा हिलॅरिस, कोबी-मोहरीच्या कुलातल्या झाडांवरचा, काळ्या-नारिंगी नक्षीचा, हिरव्याशी काडीचा संबंध नसलेला. प्रजातीशिवाय जातीचं नाव म्हणजे आडनावाशिवाय पत्ता.

कंसाचंही लक्षात ठेवा. नेझारा व्हिरिडुला (लिनियस, १७५८) यातला कंस शोभेचा नाही. मूळ वर्णन वेगळ्या प्रजातीत झालं होतं आणि जात नंतर हलवली गेली, हे तो सांगतो. नेझारा अँटेनाटा स्कॉट, १८७४ इथे कंस नाही, कारण स्कॉटने तिला थेट नेझारातच ठेवलं होतं. कंस गाळला किंवा उगाच घातला की पुढचा माणूस मूळ वर्णन चुकीच्या जागी शोधत बसतो.

तपकिरी संगमरवरी ढेकूण, हॅलिओमॉर्फा हॅलिस, याच्या नावांचा प्रवास तर नमुनेदार. पूर्व आशियातल्या जुन्या लिखाणात तो मिस्टा, ब्रेव्हिस अशा नावांनी येतो, आणि बराच काळ त्याला पिकस म्हटलं गेलं. पिकस ही मुळात भारतातली वेगळीच जात. आज पिकसच्या नोंदी गोळा करताना चीन-जपानचे ठिपके आले तर ते त्या जुन्या घोळातले असण्याचीच शक्यता जास्त.

‘इंडिस’ म्हणजे मूळ घर नव्हे

लिनियसने हिरव्या ढेकणाचं ठिकाण लिहिलं ते ‘इंडिस’, म्हणजे इंडीजमधून. त्यावरून ‘ही जात मूळची भारतातली’ असं विधान अजूनही फिरतं. दोन चुका एकात. अठराव्या शतकातला ‘इंडीज’ हा शब्द आजच्या भारताएवढा नेमका नव्हता. आणि दुसरी, जास्त मूलभूत: पहिला नमुना जिथे मिळाला ती जागा आणि जात जिथे उत्क्रांत झाली ती जागा यांचा एकमेकींशी संबंध असेलच असं नाही. पहिला नमुना कुठून येतो हे जहाजं कुठे जात होती यावरही ठरतं.

मूळ घराबद्दल पुरावे आफ्रिकेकडे बोट दाखवतात. नेझारा प्रजातीतल्या बहुतेक जाती आफ्रिकेत आणि मादागास्करात आहेत. एका प्रजातीची इतकी नातलग मंडळी एका जागी असणं हा जुना, पण चांगला संकेत. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मायटोकाँड्रियातल्या डीएनएच्या अभ्यासात बोट्स्वानातले ढेकूण एका वंशात, जपानातले दुसऱ्यात आणि युरोप-अमेरिकेतले तिसऱ्यात पडले, आणि आफ्रिकेतून पसरल्याच्या कल्पनेला त्यातून बळ मिळालं. नरांच्या गंधातल्या घटकांचं प्रमाणही निरनिराळ्या देशांतल्या ढेकणांत वेगळं आढळलं आहे. स्लोव्हेनियातल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या ढेकणांची गाणी, म्हणजे फांदीतून जोडीदारापर्यंत पोचणारी कंपनं, हीसुद्धा तंतोतंत सारखी नाहीत. म्हणून ‘एक जात, सगळीकडे सारखी’ असं गृहीत धरू नका. पण याच्या जोरावर स्वतःहून उपजातीचं नावही ठोकू नका. माझ्याकडे अशी दोन बारसं झालेली आहेत.

एक सापडला म्हणजे वस्ती झाली का?

नाही. भाज्या-फुलांच्या खोक्यांतून हा किडा वर्षानुवर्षं प्रवास करतो. ब्रिटनमध्ये असे पाहुणे पूर्वीपासून मिळत होते. फरक पडला तो २००३ मध्ये लंडनला पिल्लं सापडली तेव्हा. पिल्लांना पंख नसतात, ती कुठून उडून येत नाहीत, म्हणजे अंडी तिथेच घातली गेली. तरीही एका उन्हाळ्यातली पिल्लं म्हणजे कायमची वस्ती नव्हे. हिवाळा काढून पुढच्या वर्षी पुन्हा दिसले तर ते शब्द वापरा. नोंदीत हे तीन प्रकार वेगळे लिहा: माल-सामानात सापडला, उघड्यावर प्रौढ दिसला, प्रजनन होताना दिसला.

सालांचंही असंच. न्यूझीलंड १९४४, हवाई १९६१, कॅलिफोर्निया १९८६ ही पहिल्यांदा लक्षात आल्याची सालं आहेत, पोचल्याची नव्हेत. मधलं अंतर किती असू शकतं याचं उदाहरण हॅलिओमॉर्फा हॅलिसचंच. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅलनटाउनमध्ये तो १९९८ मध्ये गोळा झाला होता, पण तिथलाच नेहमीचा तपकिरी ढेकूण समजला गेला. खरं नाव लागलं २००१ मध्ये. ‘इथे हाच असतो, म्हणून हा तोच’ या तर्काने एक नवा किडा तीन वर्षं नजरेसमोर असून लपला.

देशाच्या देश रंगवणं ही नकाशांची जुनी खोड. जपान अख्खा रंगवला की वाटतं हिरवा ढेकूण उत्तर टोकापर्यंत आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याची उत्तर सीमा वाकायामा प्रांतात होती, साधारण जानेवारीचं सरासरी तापमान ५ अंश सेल्सियस असलेल्या रेषेशी जुळणारी. २००६-०७च्या पाहणीत ती सुमारे ८५ किलोमीटर उत्तरेला, ओसाकाकडे सरकलेली दिसली, आणि थंडी मानवणारी नेझारा अँटेनाटा तिथून मागे हटली होती. हिवाळा एक अंशाने उबदार झाला की थंडीत मरणाऱ्या ढेकणांचं प्रमाण पंधरा-सोळा टक्क्यांनी घटतं, असा तिथल्या अभ्यासकांचा हिशेब. तेव्हा १९७०चा नकाशा घेऊन आजची नोंद ‘सीमेबाहेर’ म्हणून फेटाळू नका. आणि आजच्या नकाशावरून १९६०ची अँटेनाटाची नोंद ‘चुकीची ओळख’ म्हणून बदलूही नका. दुसरी चूक जास्त घातक, कारण ती भूतकाळ पुसते. नकाशावर साल लिहा.

कोरी जागा हाही पुरावा नव्हे. रस्ते, विद्यापीठं आणि हौशी लोक जिथे आहेत तिथे ठिपके दाटतात. कुणी शोधलंच नसेल तर ‘नाही’ म्हणायचा अधिकार मिळत नाही.

आकड्यांची गफलत

अक्षांश-रेखांशांच्या चुका कंटाळवाण्या, पण ठिपके सर्वांत लांब उडवतात. साओ पाउलोजवळचा ढेकूण उणे २३.५, उणे ४६.६ वर आहे. दोन उणे चिन्हं गळली की तो थेट सौदी अरेबियाच्या वाळवंटात, रियाधच्या दक्षिणेला. ठिपका समुद्रात पडला असता तर कुणी तरी विचारलं असतं. इथे तो जमिनीवर आणि उबदार प्रदेशात पडतो, म्हणून राहून जातो. आकडा नसेल तिथे शून्य भरणारे संगणक आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात ढेकणांची वसाहत वसवतात. आणि फक्त देशाचं नाव असलेली नोंद देशाच्या मधोमध टाकली जाते. अशा नोंदीपुढे ‘अंदाजे’ लिहून त्रिज्या द्या, शेकडो किलोमीटरची असली तरी.

तारखांत ५.७.६२ असं लिहू नका. पाच जुलै की सात मे, आणि १८६२ की १९६२? जुने संग्राहक महिना रोमन आकड्यात लिहीत ते उगाच नाही.

‘कोणत्या झाडावर’ हा रकानाही जपून भरा. या जातीच्या यजमान वनस्पतींच्या याद्यांत तीसहून जास्त कुलं आहेत, शेंगवर्गीय झाडं तिची विशेष लाडकी, आणि तरीही यादीतली कित्येक झाडं फक्त बसायची जागा असावीत असा माझा संशय आहे. सोंड टोचलेली दिसली का, की नुसता पानावर ऊन खात होता? दुसऱ्या अवस्थेच्या पुढची पिल्लं तिथे वाढताना दिसली तर ते झाड यजमान म्हणून लिहा. नाही तर ‘या झाडावर दिसला’ एवढंच.

नोंद अडली तर

खुणा पुऱ्या दिसत नसतील तर पायरी वर चढा. ‘नेझारा, जात अनिश्चित’ किंवा नुसतं ‘पेंटॅटोमिडी’ ही हार नव्हे. पुढे कुणी पोट पाहून नाव पुरं करू शकतं, चुकीचं पुरं नाव मात्र कुणी उघडूनही बघत नाही. अनोळखी जागेतली पहिली नोंद असेल तर निदान एक नमुना जपून ठेवा. फोटोत पंख उचलता येत नाहीत.

डीएनएची मदत घेतलीत तर जुळणारं नाव आंधळेपणाने उचलू नका. डीएनए-क्रमांच्या साठ्यातल्या त्या क्रमाला नाव देणारा माणूसही तुमच्या-माझ्यासारखा पाठीवरून पाहणारा असू शकतो. पहिल्या जुळणीखालच्या दहा जुळण्या पाहा. त्यात दोन-तीन वेगळी नावं दिसली तर मूळ नमुना कुठे ठेवला आहे ते शोधा.

जुनी ओळख चुकली असं वाटलं तर जुनं लेबल काढून फेकू नका. त्याच टाचणीवर, त्याच्या खाली, तुमचं लेबल लावा: नवं नाव, तुमचं नाव, साल, आणि जागा उरली तर कारण. ‘पोटावर लांब काटा’ एवढे तीन शब्दही पुरतात. त्या पिवळट ढेकणांच्या पेटीत माझी औरँटियाकाची लेबलं अजून आहेत, आणि त्यांच्या खाली माझीच दुसरी.